पार्किंगमधली महागडी गाडी अधूनमधून का रुसते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. आधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर सेस धरून मोठ्या एसयूव्हीवर एकूण ५० टक्क्यांपर्यंत कर लागायचा. आता सेस गेला आणि सरळ ४० टक्के लागतो. नवी लक्झरी गाडी स्वस्त झाली की सेकंड हँड गाडीचा भावही खाली सरकतो. त्यामुळे जर्मन लोगोवाली सात-आठ वर्षं जुनी सेडान आयटीत नोकरी करणाऱ्या पोरापोरींच्या बजेटच्या आसपास येऊ लागली आहे.

दुसरीकडे नवी मुंबईत रोज गाडी काढायची गरज कमी होत चालली आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत पोहोचली. म्हणजे सोमवार ते शुक्रवार लोकल-मेट्रो, आणि गाडी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. रविवारी पाम बीच रोडला एक चक्कर, बस्स.

नेमका इथेच लोचा होतो. एका रविवारी स्क्रीनवर पाच वॉर्निंग एकदम दिसतात: एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, सस्पेन्शन, पार्किंग सेन्सर. गाडी बंद करून परत चालू केली की सगळं गायब. गॅरेजमध्ये नेली तर उत्तर मिळतं, 'काहीच सापडलं नाही.' दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, 'मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल.' आणि बिलाचा आकडा ऐकून घाम फुटतो.

पाच वॉर्निंग आल्या म्हणजे पाच गोष्टी बिघडल्या, असं बहुतेक वेळा नसतं. का, ते बघूया.

गाडी उभी असते, पण झोपलेली असतेच असं नाही

आजची लक्झरी गाडी म्हणजे चाकांवरचं कॉम्प्युटर नेटवर्क आहे. दरवाजा, सीट, ब्रेक, इंजिन, स्क्रीन, प्रत्येकाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर. हे सगळे 'कॅन बस' नावाच्या वायरींच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर आणली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली.

तुम्ही गाडी लॉक केली की हे कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. त्याला अर्धा तास लागू शकतो, काही गाड्यांत त्याहून जास्त. झोपेतही थोडा करंट जातच राहतो: अलार्म, चावी ओळखणारा रिसीव्हर, मोबाइल ॲपशी बोलणारं सिम. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट ठीक मानला जातो.

आता हिशोब करा. ७० अँपिअर-अवरची बॅटरी धरा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, महिन्याला ३६. म्हणजे काहीही बिघाड नसताना महिनाभरात अर्धी बॅटरी संपली. आणि एखादं मॉड्यूल झोपलंच नाही आणि ४०० मिलिअँपिअर ओढत बसलं, तर अर्धी बॅटरी चार दिवसांतच साफ.

लॉकडाऊन आठवतोय ना? मार्च २०२० नंतर आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या किती गाड्यांना जंप स्टार्ट द्यावा लागला! रविवारपुरती निघणारी गाडी तोच अनुभव दर आठवड्याला थोडा थोडा घेत असते.

२० टक्के दाखवून बंद पडणारा फोन

जुना फोन २० टक्के चार्ज दाखवतो, कॅमेरा उघडला की धप्पकन बंद होतो. बॅटरीत चार्ज असतो, पण एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. गाडीतही हेच होतं. स्टार्टर फिरतो तेव्हा शेकडो अँपिअर करंट लागतो. थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी इतकं खाली जातं की काही मॉड्यूल रीसेट होतात.

आता ब्रेकचं मॉड्यूल स्टिअरिंगच्या मेसेजची वाट बघतंय. मेसेज वेळेत आला नाही, तर ते 'संपर्क नाही' असा कोड नोंदवतं. सस्पेन्शनही तेच करतं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: एक सर्व्हर अडखळला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या सर्व्हिस टाइमआउट देतात. लॉगमध्ये शंभर एरर दिसतात, मूळ कारण एकच असतं.

इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर व्होल्टेज वर आणतो आणि वॉर्निंग विझतात. म्हणूनच गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी तिथे अगदी शहाण्यासारखी वागते.

खाडीची हवा आणि पाऊस

नवी मुंबईच्या एका बाजूला खाडी. हवेत मीठ, चार महिने पाऊस. बॉडीला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने जोडलेली असते, तिथे गंज धरतो. कनेक्टरच्या पिनांवर पातळ थर चढतो. अशी जोडणी कोरड्या दिवशी चालते, दमट दिवशी दगा देते.

सनरूफ असेल तर अजून एक गोष्ट. सनरूफच्या कडेला पडलेलं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं. महिनोन्‌महिने झाडाखाली उभ्या गाडीत पानांचा कचरा या नळ्या तुंबवतो आणि पाणी आत, कार्पेटखाली जातं. बऱ्याच लक्झरी गाड्यांत बॅटरी आणि काही मॉड्यूल डिकीत किंवा सीटखाली असतात. मग पुढचं सांगायला नको. शिवाय बॉनेटखाली उंदीर. उभी गाडी त्यांना फार आवडते.

मग करायचं काय?

क्रम महत्त्वाचा आहे. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर.

१. नोंद ठेवा. वॉर्निंग आली की गाडी बंद करण्याआधी फोनवर व्हिडिओ काढा. तारीख, पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती, हे नोट्समध्ये लिहा. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात हा पॅटर्न स्कॅनरइतकाच उपयोगी पडतो.

२. व्होल्टेज मोजा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर चार्ज पूर्ण, १२.२ म्हणजे साधारण निम्मा, १२ च्या खाली म्हणजे बॅटरी जवळपास उतरलेली. मात्र व्होल्टेज चांगलं दिसलं म्हणून बॅटरी चांगलीच, असं नाही. तिची लोड टेस्टही करून घ्या.

३. आधी चार्ज, मग स्कॅन. गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवून बॅटरी भरत नाही. तुमच्या बॅटरीच्या प्रकाराला चालणाऱ्या स्मार्ट चार्जरने ती पूर्ण भरा. जुन्या कोडचे स्क्रीनशॉट घ्या, मगच कोड पुसा. पुढचे काही दिवस बघा, कोणता कोड परत येतो. जो परत येतो, तोच खरा संशयित.

४. झोपेतला करंट मोजायला सांगा. चावी लांब ठेवायची, गाडी लॉक करून तासभर थांबायचं आणि डीसी क्लॅम्प मीटर लावायचा. करंट जास्त निघाला तर एकेक फ्यूज उपटत बसू नये, त्याने झोपलेली मॉड्यूल जागी होतात. फ्यूजच्या दोन टोकांमधलं मिलिव्होल्ट मोजलं की कोणत्या सर्किटमधून करंट जातोय ते कळतं. हे चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम आहे.

५. अर्थिंग चालू लोडवर तपासायचं. दहातल्या नऊ तारा तुटलेली वायरसुद्धा मीटरच्या 'बीप' टेस्टमध्ये पास होते. हेडलाइट, ब्लोअर चालू ठेवून अर्थिंगच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर जोडणी उघडून साफ करायची.

६. तुमचीच गॅजेट तपासा. ओबीडी पोर्टमध्ये कायम अडकवलेला ब्लूटूथ डोंगल किंवा पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, हे गाडीला झोपू देत नाहीत. काम झालं की डोंगल काढा.

७. नवी बॅटरी टाकली तर बऱ्याच लक्झरी गाड्यांत ती सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावी लागते. नाहीतर गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्जिंग करत राहते.

एक इशारा: एअरबॅगचे पिवळे कनेक्टर आणि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगची वॉर्निंग चालू गाडीत आली तर 'बॅटरीच असेल' म्हणून दामटू नका. बाजूला घ्या.

खरा प्रश्न: गाडीची माहिती कोणाची?

वरची निम्मी कामं नाक्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो. पण अडतो कुठे? ओबीडी पोर्टवर स्वस्त डोंगल लावला तर प्रामुख्याने इंजिन आणि प्रदूषणाचे कोड दिसतात. दरवाजे, सीट, गेटवे, बॅटरीची नोंदणी, हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमागे असतं. वायरिंगचे नकाशेही तिथेच. मूळ कारण शोधायची साधनं नसली की अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागतं, आणि खर्च मालकाच्या माथी.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुली मिळू देत नाहीत, हा ठपका होता. त्या यादीत मारुती, टाटा होत्या, तशाच मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. पुढे प्रकरण अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनंही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलवर माहिती देणं वेगळं आणि कायद्याने बंधन असणं वेगळं. युरोपात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देण्याचा नियम २००७ पासून आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये तसा कायदा केला.

फोनची स्क्रीन बदलल्यावर 'अनोळखी पार्ट' असा मेसेज बघितलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गाडी हा त्याच वादाचा मोठा, महागडा भाग आहे. कर कमी झाल्याने अशा गाड्या आता जास्त लोकांच्या पार्किंगमध्ये येतील, आणि वॉरंटी संपल्यावर त्या सांभाळणारं गॅरेज बहुधा कंपनीचं नसेल.

तोपर्यंत आपल्या हातात एवढं आहे: कोणी मॉड्यूल बदलायला सांगितलं की होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. पूर्ण चार्ज बॅटरीवर हाच कोड परत आला का? झोपेतला करंट किती आला? त्या मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थिंग लोडवर मोजलं का? तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली, तरच खिशात हात घाला. आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी पाऊण तास नीट चालवा, नाहीतर पार्किंगमध्ये चार्जरचा पॉइंट घ्यायला सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज टाका.