संत मिळण्याची वाट किती पाहायची?

संपादक महोदय,

आदिवासी भागात आयुष्य घालवणाऱ्या डॉक्टरांवरचा आपला लेख वाचला. 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशाला सुरू झालेल्या कामासाठी डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमटे माडिया बोली शिकले, तिथल्या जंगलातच त्यांनी संसार थाटला. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी नाममात्र फीवर रुग्ण तपासले. या माणसांपुढे मी मनापासून हात जोडते. पण अशी आणखी शंभर माणसे निघाली की आदिवासींच्या आरोग्याचा प्रश्न सुटेल, हा लेखाचा सूर मला मान्य नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यात 31 वर्षे आरोग्यसेविका होते. आमच्या केंद्रावर एकदा सरकारी सेवेच्या बाँडवर एक तरुण डॉक्टर आला. मन लावून काम करायचा. पोटात कुठे दुखतं, किती दिवसांपासून ताप आहे, हे माडियात विचारायला तो दोन महिन्यांत शिकला. पण क्वार्टरचं छत गळायचं. पावसाळ्यात त्याने पलंगावर ताडपत्री बांधली होती, सलाईनचे खोके पलंगावर आणि स्वतः खाली सतरंजीवर. दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. बायको बाळंतपणाला माहेरी गेली, ती त्या घरात परत येऊ शकली नाही. वर्ष भरलं, तोही गेला. जाताना माझ्यासमोर रडला. लोक म्हणाले, आजकालच्या पोरांत सेवाभाव नाही. मला आजही ते बोलणं लागतं. त्याच्यात सेवाभाव भरपूर होता, डोक्यावर कोरडं छत नव्हतं.

नुसत्या सेवाभावावर विसंबून न राहता काम कसं उभं करायचं, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याकडून शिकावं. त्यांनी जिल्ह्यातल्या 39 गावांत गावच्याच बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊबदार गुंडाळायचं, श्वास मोजायचा, जंतुदोष ओळखून औषध सुरू करायचं. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे बाळ धोक्यात, हे या बायका अचूक सांगत. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. जीव वाचवणारं काम साध्या माणसांच्या हाती देता येतं, ते रोजचं करता येतं, हे आमच्याच जिल्ह्याने दाखवलं.

सरकारने 2011 मध्ये हे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे दिलं, हे चांगलंच झालं. पण बाळाच्या जन्मानंतर 42 दिवसांत सहा-सात वेळा त्याच्या घरी जायचं, नाला ओलांडायचा, आणि त्या सगळ्याचे मिळून ठरले 250 रुपये! डॉक्टरला पद्मश्री देताना टाळ्या वाजवणारे आपण या आकड्यावर गप्प बसतो.

आमट्यांनी, कोल्ह्यांनी हाल सोसले, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पन्नास वर्षांनंतरही नव्या डॉक्टरने तसंच राहावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. त्याला नीट घर, पाणी, मुलांना शाळा, पावसाळ्यातही चालू राहणारा रस्ता आणि जोडीला एक सहकारी डॉक्टर मिळाला, तर साधा, संसारी माणूसही तिथे पाच वर्षं आनंदाने काढील.

एक विनंती आहे. येत्या जुलैत आपल्या बातमीदाराला एखाद्या दुर्गम आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये एक रात्र मुक्कामाला पाठवा. पुरस्काराच्या बातमीला देता तेवढीच जागा त्या रात्रीच्या बातमीला द्या.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. गडचिरोली