पेढीची तार आणि मालकाची जबाबदारी

तिजोरीची किल्ली मालकाने जवळ बाळगावी, रोजमेळाची शिल्लक स्वतः पाहावी आणि कापड मोजावयाच्या गजाची खात्री स्वतः करून घ्यावी, ही शिकवण आपणा सर्वांस वडिलांकडून मिळालेली आहे. हिशोब लिहावयास मुनीम असतो, माल मोजावयास गुमास्ता असतो. तथापि चूक झाली तर उत्तर मालकालाच द्यावे लागते, हे त्या शिकवणीचे मर्म होय. गेल्या तीस वर्षांत आपल्या पेढ्यांत आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे बाहेरच्या जगाशी पेढीला जोडणारी तार आणि त्या तारेच्या टोकाशी असलेली राउटर नावाची लहानशी पेटी. या पेटीच्या बाबतीत मात्र आपण ती शिकवण पार विसरलो आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही स्वतःच्या चुकीतून बनविले असल्यामुळे ती चूक प्रथम सांगणे आम्हांस उचित वाटते.

आमचा व्यवसाय घाऊक कापडाचा. माल सोलापूर व इचलकरंजी येथून यावयाचा आणि नांदेड, लातूर, उदगीर या बाजूस जावयाचा. ही गावे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी गिऱ्हाईक बदलले नाही. वडील लातूरचा ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास त्याची वाट पाहत बसत, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. देशात मध्यस्थावाचून थेट दूरचा क्रमांक फिरविण्याची सोय १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुले केले. १९९८ साली माधापूर येथे सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि हैदराबादचे नाव संगणकाच्या जगात झाले. परंतु माधापूरच्या काचेच्या इमारतींतील सोयी उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारच्या आमच्या विद्यानगरातील दोन खोल्यांच्या कचेरीस कोठून मिळणार? आमच्याजवळ एकच टेलिफोन होता. मोडेम लावून इंटरनेट सुरू केले की तो अडकून बसे आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकास फोन लागत नसे. एक मोठी मागणी याच कारणाने हातची गेली, तेव्हा २००१ साली आम्ही आय. एस. डी. एन.ची जोडणी घेतली.

नव्या पिढीतील वाचकांस हे नाव परिचित नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय नियम १९८४ साली ठरले. टेलिफोनच्या त्याच दोन तांब्याच्या तारांवरून आवाज व मजकूर दोन्ही अंकांच्या रूपाने नेण्याची ही व्यवस्था होती. तीत सेकंदास ६४ हजार बिट वाहून नेणारे दोन मार्ग असत आणि त्यांचे नियंत्रण करणारा १६ हजार बिटांचा तिसरा लहान मार्ग असे. एका मार्गावर बोलावे आणि त्याच वेळी दुसऱ्यावर इंटरनेट चालवावे, ही तिची मोठी सोय होती. दोन्ही मार्ग एकत्र जोडले की १२८ हजार बिटांचा वेग मिळे. मोडेमला जोडणी करावयास अर्धे मिनिट लागे; येथे एकदोन सेकंदांत काम होई. मात्र आकारणी टेलिफोनप्रमाणेच होती. जितका वेळ मार्ग उघडा, तितके पैसे आणि दोन मार्ग उघडे तर दुप्पट पैसे.

भिंतीवर कंपनीची जोडपेटी बसली, तिच्यापासून राउटरपर्यंत तार आली आणि राउटरपासून तीन संगणकांपर्यंत तारा गेल्या. एक तरुण जाणकार येऊन दोन तासांत सर्व मांडणी करून गेला. त्याने राउटरला फिरवावयाचा क्रमांक, ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द दिला. एखाद्या संगणकाने बाहेरचे काही मागितले की राउटरने आपण होऊन क्रमांक फिरवावा आणि काम थांबले की मार्ग बंद करावा, अशी ती व्यवस्था होती. आम्ही पडद्यावर पत्र आलेले पाहिले, पैसे चुकते केले आणि निश्चिंत झालो. त्याने कोणकोणत्या गोष्टी कशा ठरविल्या, हे आम्ही विचारले नाही व त्यानेही सांगितले नाही. राउटरचा परवलीचा शब्द त्याच्याच जवळ राहिला.

पहिले बिल आले ते आमच्या अंदाजाच्या चौपट होते. दुसरे त्याहून मोठे आले. आता खरी लाजेची गोष्ट सांगावयाची आहे. पेढीत संगणकावर बसणारा एक तरुण कारकून होता. तो हुशार होता, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबत असे आणि इंटरनेटविषयी त्याला कुतूहल होते. एवढ्या पुराव्यावर आम्ही त्याच्यावर संशय घेतला. तो पेढीच्या खर्चाने आपली हौस भागवितो, असे आम्ही मुनीमजींच्या देखत त्याला बोललो. त्याने एकदाच सांगितले, “शेठजी, मी काही केलेले नाही.” दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

तिसरे बिलही तसेच आले. कारकून नव्हता, बिल मात्र कायम होते. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका माहितगार गृहस्थांना बोलावले. त्यांनी राउटरमध्ये साठलेली फोनांची नोंद उघडून आमच्यापुढे ठेवली. पहाटे दोन वाजता फोन, तीन वाजता फोन, रविवारी दिवसभर दर काही मिनिटांनी फोन! त्या वेळी पेढीला कुलूप होते आणि त्याची किल्ली आमच्याच खिशात होती. एक संगणक रात्रंदिवस चालू राहत असे. तो शेजारच्या संगणकांची नावे शोधावयास वरचेवर विचारणा पाठवी. ही विचारणा वस्तुतः खोलीतल्या खोलीत राहावयाची. परंतु राउटरला तसे सांगितलेले नसल्यामुळे तो तिच्यासाठी बाहेरचा क्रमांक फिरवी. त्यात दोन्ही मार्ग सदैव एकत्र उघडावेत अशी मांडणी होती, म्हणून खर्च दुप्पट होत होता. गिऱ्हाइकांस फोन लागत नाही ही जुनी तक्रार पुन्हा का सुरू झाली, याचाही उलगडा तेथेच झाला.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. तसल्या विचारणांवर मार्ग उघडू नये, दुसरा मार्ग काम जास्त असेल तरच उघडावा आणि रात्री राउटरने क्रमांक फिरवूच नये, असे तीन नियम घातले गेले. काम थांबल्यावर किती वेळाने मार्ग बंद व्हावा, हे आकारणीचे एकक पाहून ठरविले गेले. एकक तीन मिनिटांचे असेल, तर एका मिनिटात मार्ग तोडून पुन्हा जोडण्यात बचत नसून नुकसानच आहे. हा हिशोब कोणाही व्यापाऱ्यास चटकन समजण्यासारखा आहे. आम्हांला तो समजला नाही, कारण आम्ही तो करावयास बसलोच नाही.

आम्ही नल्लाकुंट्यात त्या कारकुनाच्या घरी गेलो आणि त्याच्या वडिलांसमोर क्षमा मागितली. त्यांनी आम्हांला चहा दिला व आमचे म्हणणे ऐकून घेतले. मुलगा परत आला नाही. वाढलेल्या बिलाचे पैसे वर्षभरात भरून निघाले. हे नुकसान मात्र भरून निघाले नाही. या प्रकरणातून आम्ही जे शिकलो ते असे की, मालकाचे अज्ञान मालकापुरते राहत नाही. जे यंत्र आपणांस समजत नाही त्याचा दोष आपण जवळच्या माणसावर टाकतो आणि तो माणूस बहुधा पेढीतील सर्वांत दुर्बळ असतो.

यावर कोणी म्हणतील की, तो काळ गेला. ते खरे आहे. आपल्या देशाने २००४ साली ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर मिनिटांचा हिशोब हळूहळू संपला. जपानात १९८८ साली सुरू झालेल्या आय. एस. डी. एन. सेवेचा मजकूर वाहून नेण्याचा भाग २०२४ साली बंद झाला आणि ब्रिटनमध्ये २०२३ पासून नवी जोडणी विकणे थांबले. आज पेढीत काचतंतूची तार येते आणि ती अहोरात्र उघडी असते. परंतु आमच्या मते यामुळे काळजी कमी झालेली नसून वाढली आहे. पूर्वी चूक झाली तर निदान बिल ओरडून सांगत असे. आता बिल महिनोन्‌महिने तेवढेच येते आणि चूक मुकाट्याने घरात राहते.

याचे उदाहरण दूरचे नाही. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांची हजारो मोडेम एका दुष्ट प्रणालीच्या हल्ल्यामुळे बंद पडली. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द ग्राहकांनी कधी बदललाच नव्हता, हे त्याचे कारण होते आणि तो बदलावा असे निगमला ग्राहकांस सांगावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ साली, मिराई नावाच्या प्रणालीने जगभरातील असंख्य राउटर व कॅमेरे याच वाटेने ताब्यात घेतले होते. तिच्याजवळ अशा सर्वज्ञात शब्दांची साठेक जोड्यांची यादी होती, एवढीच तिची विद्या! कुलूप चांगले होते. पण त्याची किल्ली कुलपावरच टांगलेली होती.

आणि आज त्या तारेवर आपले काय काय अवलंबून आहे, याचाही विचार करावा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या मालाचे बीजकही सरकारी यंत्रणेत नोंदवावे लागते. तार तुटली की मालमोटार दारात उभी राहते. तार दुसऱ्याच्या हाती गेली तर बँकेचे व्यवहार, गिऱ्हाइकांची यादी व खरेदीचे भाव परक्याच्या दृष्टीस पडू शकतात.

“आम्ही व्यापारी, आम्हांस यंत्रातले काय कळणार?” असा प्रश्न आमचे पुष्कळ स्नेही करतात. आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो की, तिजोरी तरी आपण कोठे बनविली? तिची किल्ली किती आहेत व कोणाजवळ आहेत, एवढे मात्र आपण जाणतो. राउटरच्या बाबतीतही तेवढेच जाणावयाचे आहे. मांडणी जाणकाराने करावी. ती काय केली, हे मालकाने समजून घ्यावे.

यासाठी आमची सूचना अशी की, प्रत्येक पेढीने एक लहान वही करावी. तीत जोडणीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा टेलिफोन क्रमांक, राउटर कोणत्या दिवशी व कोणी बसविला आणि कोणकोणते यंत्र त्याला जोडले आहे, हे लिहावे. काही बदल केल्यास तारीख घालून तोही लिहावा. राउटरची चालू मांडणी एका धारिकेत उतरवून घेता येते. ती प्रत घ्यावी, म्हणजे पेटी बिघडली तर नव्या पेटीत तीच घालता येईल किंवा वहीवरून पुन्हा मांडता येईल. परवलीचे शब्द दोन असतात. एक बिनतारी जोडणीचा आणि दुसरा खुद्द राउटर उघडण्याचा. दुसरा बसविणाऱ्याच्या समोरच बदलावा आणि बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा. बाहेरच्या जगातून राउटर उघडण्याची सोय गरज नसेल तर बंद करावी. गिऱ्हाइके व पाहुणे यांना बिनतारी जोडणी द्यावयाची झाल्यास पाहुण्यांसाठी निराळी काढून द्यावी. ज्या जोडणीवर हिशोबाचा संगणक चालतो तीवर कोणास घेऊ नये. राउटर बनविणारी कंपनी त्यातील उणिवा दूर करणारी सुधारित प्रणाली वेळोवेळी देते; ती घातली आहे की नाही, हे विचारावे. कंपनी ती देण्याचे बंद करते तेव्हा पेटी चालत असली तरी ती बदलावी. आणि पेढी सोडून जाणाऱ्या माणसाला हे शब्द माहीत असतील तर त्याच दिवशी ते बदलावेत. यात त्याचा अपमान नाही. उलट, पुढे काही बिघडले तर त्याच्यावर विनाकारण बोट रोखले जाणार नाही.

व्यापार विश्वासावर चालतो, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु विश्वास म्हणजे न पाहणे नव्हे. आपले पूर्वज मुनीमावर विश्वास ठेवीत आणि तरीही दर रात्री शिल्लक मोजीत. त्यामुळे चूक झालीच तर ती त्याच रात्री सापडे आणि मुनीमाची अब्रू राही.

दिवाळीस आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. त्या दिवशी ही लहान वहीही रोजमेळाच्या शेजारी ठेवावी, वर्षातून एकदा तरी उघडून वाचावी आणि परवलीचे शब्द बदलून पाकीट नवे करावे. पुढच्या पिढीतील मुलामुलींस शेजारी बसवून हे काम करावे. त्यांना यंत्र आपल्यापेक्षा चांगले कळते आणि जबाबदारी कशी घ्यावयाची हे त्यांनी आपल्याकडून पाहावयाचे असते. आमच्या पेढीत २००२ सालापासून ही वही आहे. तिच्या पहिल्या पानावर कोणताही क्रमांक नाही. तेथे त्या तरुण कारकुनाचे नाव आम्ही आमच्या हाताने लिहून ठेवले आहे.