दुमडलेला हात

जानेवारी १५०६ मध्ये रोममधील एका द्राक्षमळ्यात खोदकाम चालू असता संगमरवरी 'लाओकून' सापडला. ट्रॉय नगरीचा हा पुरोहित आणि त्याचे दोन पुत्र सर्पांच्या विळख्यात तडफडत आहेत. पित्याचा उजवा हात मात्र गहाळ होता. तो मागे दुमडलेला असावा, असे मायकेलँजेलोचे मत होते म्हणतात. तरीही पुढे ताठ उंचावलेला नवा हात जोडला गेला आणि मूर्तीची तीच प्रतिमा जगभर रूढ झाली.

१९०६ च्या सुमारास पुरावस्तूंचे व्यापारी लुडविग पोलाक यांना रोममधील एका पाथरवटाच्या आवारात दुमडलेल्या हाताचा तुकडा दिसला. पारखी नजरेला घडणीतील साम्य जाणवले. त्यांनी त्याचे मोल मागितले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती, व्यवसायच तो. पोलाक यांनी तो तुकडा व्हॅटिकनच्या संग्रहालयास भेट दिला. तेथे तो अर्धशतक कोठारात पडून राहिला. अखेर १९५७ मध्ये तो मूळचाच हात असल्याचे मान्य झाले. हातातील आणि मूर्तीतील छिद्रे तंतोतंत जुळत होती.

पोलाक तेव्हा हयात नव्हते. ऑक्टोबर १९४३ मध्ये, ज्यू असल्याच्या कारणावरून, नाझींनी त्यांना कुटुंबासह रोममधून ऑशविट्झला नेले. त्यांतील कोणीही परतले नाही.