टॉनिक घेतले म्हणून दारू माफ होत नाही

घरात कोणी पिणारा असेल तर आई किंवा बायको पोटाला चिमटा काढून लिव्हर टॉनिकची बाटली आणते. पिणारा म्हणतो, "आता काय, औषध चालू आहे." आमचा आक्षेप या वाक्यावर आहे.

शास्त्र खोटे नाही. यकृतात दारू मोडताना अॅसिटाल्डिहाइड हे विष तयार होते, शिवाय पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल. त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन रोज पिणाऱ्याच्या यकृतात कमी होत जाते. हळद, कुटकी, भुईआवळा यांतल्या घटकांनी प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी वाचताना दिसल्या आहेत. पण बशीत औषध थेट पेशीवर पडते. खाल्लेल्या हळदीतले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोचते. अनेक टॉनिकांत असणारे सिलिमरिन अमेरिकेत हेपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर तपासले गेले. २०१२ साली निकाल आला: औषध नसलेल्या गोळीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही.

झाडपाल्याने अपाय होत नाही, हाही भ्रमच. कोरोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही, पण आधीच यकृत दुखावलेल्याने अशी जोखीम का घ्यावी?

काविळीच्या माळेचे तेच. दूषित पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. बुद्धाने कालामांना सांगितले ते आपण विहारात ऐकतो आणि घरी येऊन माळ बांधतो!

बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हेपॅटायटिस बीची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. २०१८ पासून हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधेही राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. टॉनिकच्या पैशात रिक्षाने तिथे जाऊन येता येईल.

राहिली दारू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ती न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. दारूमुळे यकृतावर नुसती चरबी चढली असेल तर ती थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरू लागते. हे काम कुठल्याही बाटलीला जमलेले नाही. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम तोडू नये. हात थरथरतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्यावे, औषधांच्या आधाराने सोडवावी.