पाणी पिण्याचाही धाक?

आमच्या शेजारची मुलगी रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाते. परवा भर दुपारी पोट धरून घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं, लघवीचा संसर्ग झालाय, भरपूर पाणी प्या. तर मला म्हणते कशी, ‘‘काकू, पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठलं की पीस मागे राहतात. मग सुपरवायझर सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलतो. त्यापेक्षा तहान मारलेली बरी!’’

तिची आई शेजारीच होती. म्हणाली, ‘‘नोकरी म्हटलं की सोसायलाच हवं.’’

का बरं सोसायचं? पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, तीसपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर, हे सारं १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिलेलं होतं. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी, असं २०१३चा कायदा सांगतो. पण स्वच्छतागृह असून उठायची सोय नसेल, तर त्याचा उपयोग काय?

मालक म्हणतील, असे लाड परवडत नाहीत. बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. जुने दिवे काढून एलईडी लावले, तर उकाडा कमी झाला आणि कडक उन्हाच्या दिवसांत काम वाढलं! माणसाला जरा बरं वाटलं की हात आपोआप चालतो. हे चूल सांभाळणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. प्रत्येक लाईनला एखादी बदली ऑपरेटर ठेवली, तर बाकीच्यांना निर्धास्त उठता येईल.

आणि बोललं की ऐकलं जातं, बरं का! भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा ५८व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम येत होता. एप्रिल २०१६मध्ये बंगळुरूच्या हजारो शिलाई कामगार बायका रस्त्यावर उतरल्या आणि सरकारने तो मागे घेतला.

मैत्रिणींनो, सुरुवात घरातूनच करू या. लेक-सून कामावरून आली की आपण विचारतो, ‘‘पगार झाला का?’’ आज तिला एवढंच विचारा, ‘‘दिवसभरात पाणी किती वेळा प्यायलीस गं?’’ ती गप्प राहिली, तर ‘सोसायलाच हवं’ असं मात्र म्हणू नका. तिच्या लाईनमधल्या चौघींना घरी चहाला बोलवा. एकटीने तोंड उघडणं अवघड असतं, पाचजणी मिळून मागणं सोपं जातं.