पडद्यावरील भूत आणि त्याचें माप

दूरदर्शनाचें चित्र ‘चांगलें’ किंवा ‘वाईट’, एवढ्या दोन शब्दांवर घरोघरीं त्याची परीक्षा आटोपते. परंतु ज्यास माप नाहीं, त्याविषयीं वादच फार होतात. यास्तव या अंकीं चित्रसंकेताच्या मापनांतील कांहीं मूलभूत संज्ञा आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

पहिली संज्ञा ‘ओळ’. आपल्या देशांतील जुन्या पद्धतींत एक चित्र ६२५ ओळींचें असे, व सेकंदास अशीं २५ चित्रें येत. म्हणजे एका ओळीच्या वांट्यास ६४ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यांपैकीं सुमारें ५२ चित्रासाठीं, बाकीचे किरण परत फिरण्यासाठीं.

पुढील संज्ञा पातळीच्या. संकेताची एकंदर उंची १ व्होल्ट. माथा ती ‘श्वेतपातळी’. तिच्याखालीं ०.७ व्होल्टवर ‘कृष्णपातळी’. त्याहून खालचे ०.३ व्होल्ट ‘समकालन-स्पंदा’चे, नवी ओळ केव्हां आरंभावी, ही आज्ञा तो देतो. तम हें द्रव्य कीं तेजाचा अभाव, हा मीमांसक व नैयायिक यांचा वाद वाचकांस ठाऊक आहेच. येथें मात्र काळा रंग म्हणजे शून्य नव्हे; त्यासहि नेमलेलें स्थान आहे, आणि तें ढळलें कीं सावल्या राखाडी होतात.

या मापांचा उपयोग काय, हें खंडाळ्यास चांगलें कळतें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें घाटमाथ्यावरील घरांवरहि अँटेना उभ्या राहिल्या. परंतु लहरी कड्यांवर आपटून परततात व किंचित् उशिरां पोहोंचतात. मग मूळ आकृतीच्या उजवीकडे दुसरी फिकट आकृति दिसते. शास्त्रज्ञहि तीस ‘भूत’च म्हणतात! आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें या भुतापायीं निर्दोष संच दोनदां दुरुस्तीस धाडला, आणि खर्चावरून बंधुबंधूंत अबोला झाला.

वस्तुतः एक पट्टी पुरेशी होती. हिशोबाच्या सोईसाठीं चित्राची रुंदी ५२ सेंटिमीटर धरूं. मग एक सेंटिमीटर म्हणजे एक मायक्रोसेकंद, व तेवढ्यांत लहर ३०० मीटर जाते. भूत ३ सेंटिमीटर सरकलें असेल, तर लहरीनें ९०० मीटरांचा फेरा अधिक घेतला. कडा अँटेनेच्या नेमका पाठीमागें असल्यास तो ४५० मीटरांवर असावा. दोष डोंगराचा, उपाय अँटेना फिरवून पाहण्याचा.

अंकीय प्रक्षेपणांत हें भूत दिसत नाहीं. तरी पातळ्या सुटल्या नाहींत: आठ बिटांच्या प्रचलित चित्रपद्धतींत काळ्यास १६ व पांढऱ्यास २३५ हे अंक नेमलेले आहेत. यास्तव चित्र बिघडल्यास प्रथम दोषाचें नांव विचारावें, मग त्याचें माप घ्यावें. पैशाची व भावाभावांच्या बोलाचालीची गोष्ट त्यानंतर.