झिंग्यांना नोकरीवर घ्या!

मंडळी, ऑफिसमधनं पार पिळून निघून घरी यावं, दिवे मंद करावेत, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीतलं हिरवंगार जंगल बघत निवांत बसावं... काय झक्कास कल्पना आहे ना? आता खरा सीन ऐका. दोन महिन्यांत त्या जंगलाला हिरवी दाढी फुटते. पानांवर, दगडांवर, फिल्टरच्या नळीवर नुसते केसच केस. हॉबीवाले याला हेअर अल्गी म्हणतात. आपण साधं केसाळ शेवाळ म्हणू या.

माझी टाकी दोन फुटी, पंचावन्न-एक लिटरची. मुक्काम पोस्ट जालना. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी गेलो, तेव्हा हा नाद लागला. पुढे ऑफिसनं परत पुण्याला बोलावलं. टाकी राहिली आई-अण्णांकडे आणि शेवाळानं संधी साधली.

सुरुवातीला मी काय केलं? दर वीकेण्डला जाऊन पाणी बदललं. तिसऱ्या रविवारी अण्णांचा पारा चढला. ‘‘नळाला रोज पाणी येत नाही, आणि तू माशांना आंघोळी घालतोयस?’’ बोला आता! आमच्या गावाला पाणी येतं ते घाणेवाडीच्या तलावातनं नाहीतर थेट जायकवाडीवरनं. 2013 च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं राहिलेला माणूस बादलीभर पाणी मोरीत ओतताना बघणार कसा? मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. म्हणजे पाणी वाया न घालवता दाढी करायची होती.

मग कळला झिंग्यांचा फंडा. ताकाशी अमानो हा जपानमधल्या निगाताचा माणूस. आधी सायकलपटू, मग फोटोग्राफर, आणि मग पाण्याखालच्या बागांचा बादशहा. 1982 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली, आणि शेवाळ खाणाऱ्या एका छोट्या झिंग्याला टाकीत कामाला लावलं. अमानो 2015 मध्ये गेला, पण तो झिंगा आज जगभर त्याच्याच नावानं ओळखला जातो. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेन्टाटा. दोन इंचांच्या आतबाहेर, अंग काचेसारखं, बाजूला ठिपक्यांची ओळ. दिवसभर इवल्या चिमट्यांनी वेचत बसतो. ना अप्रेझल, ना सुट्टी!

दुसरा उमेदवार चेरी श्रिंप. लालचुटुक, दिसायला एकदम हिरो. पण तो पानांवरचा पातळ थर चाटून खातो, केसाळ शेवाळाला फारसा दाद देत नाही. चेरी घरच्या टाकीत भराभर वाढतात. अमानो मात्र अंडी धरतो, पण त्याच्या पिल्लांना खारट पाणी लागतं, त्यामुळे टाकीत प्रजा वाढत नाही. आपल्या गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याचीही हीच तऱ्हा. पिल्लांना खाडीचं पाणी हवं, आणि मध्ये धरणं आडवी. तो मोठा नदीतला झिंगा मात्र टाकीत आणू नका हं, तो माशांवरच ताव मारेल.

आता जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट. झिंगे म्हणजे जादू नव्हे. ते कोवळं, आखूड शेवाळ खातात. हातभर वाढलेलं जंगल त्यांच्या गळ्यात मारलंत तर ते ढुंकूनही बघणार नाहीत. आधी जुन्या टूथब्रशला गुंडाळून लांब केस ओढून काढा. मग मूळ कारण शोधा. आमच्याकडे ते लगेच सापडलं. आई देवाजवळ दिवा लावायची तेव्हाच टाकीचाही लावायची आणि झोपताना बंद करायची. वर दिवसभर खिडकीतलं ऊन फुकट! प्रकाश जास्त, त्यात माशांना प्रेमानं घातलेलं ढीगभर खाणं. शेवाळाला आणखी काय हवं? खिडकीला पडदा लावला, दिव्याला टायमर बसवून सात तासांवर आणला, खाणं निम्मं केलं. मग सहा अमानो पिशवीत घालून पुण्याहून नेले. साधारण आठ-दहा लिटरला एक, हा हिशोब. महिन्याभरात पानं ओळखू यायला लागली!

मराठवाड्याचा उन्हाळा ही पुढची परीक्षा. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर, टाकीत तिशीच्या पुढे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, झिंगे सुस्त. पण इथे आपली कोरडी हवाच मदतीला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की कूलरसारखं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. दमट मुंबईत हे एवढं चालत नाही. अडचण एकच. पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात. आमचं बोअरचं पाणी आधीच जड, म्हणून भर घालायची ती आरओच्या जारमधल्या पाण्याची.

आणि इथेच घात झाला. त्या मे महिन्यात आईचा फोन आला. ‘‘मासे ठीक आहेत रे, पण तुझे झिंगे सगळे आडवे पडलेत.’’ मी पहिल्या गाडीनं गेलो. सहाच्या सहा गेले होते. मासे मजेत, झिंगे मेलेले, हे काही पटेना. मोरीत बादली दिसली तेव्हा उलगडा झाला. कडेला निळसर थर. अण्णांची मोसंबीची बाग आहे. झाडांच्या बुंध्याला लावायची बोर्डो पेस्ट ते याच बादलीत कालवायचे. चुना आणि मोरचूद. मोरचूद म्हणजे तांबं, आणि झिंग्यांना पाण्यातलं किंचित जास्त तांबंही विष! गंमत बघा, त्यांच्या स्वतःच्या रक्तातही तांबं असतंच.

अण्णा गप्प उभे होते. मग आईनं सांगितलं, पाणी उडतंय म्हणून हे रोज सकाळी त्यांच्या पिण्याच्या जारमधनं तांब्या-तांब्यानं भर घालत होते. त्या दिवशी फक्त तांब्याऐवजी बादली घेतली. मला आंघोळीवरून झापणारा माणूस! मी काय बोलणार, कप्पाळ?

तेव्हा मंडळी, झिंगे आणण्याआधी एवढं कराच. टाकीची बादली वेगळी ठेवा. माशांचं औषध किंवा शेवाळ मारायचं औषध घेताना लेबलवर कॉपर आहे का बघा. नवे झिंगे एकदम टाकीत ओतू नका. मेडिकलमधली सलाईनची नवी नळी आणून टाकीतलं पाणी थेंब-थेंब त्यांच्या भांड्यात सोडा, तासभर तरी. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. आणि एखाद्या सकाळी तळाशी रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका, झिंग्यानं कात टाकलीय. ते कवच राहू द्या, तेच पुन्हा खाऊन तो कॅल्शियम मिळवतो.

आमच्याकडे आता नवे सहा कामावर आहेत. पाणी पंधरा दिवसांनी फक्त बादलीभर बदलतो, आणि ते मोरीत नाही तर अंगणातल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं. माशांच्या खताचं पाणी, झाडं खूश! बादली नवी कोरी, पांढरी. तिच्यावर अण्णांनी ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘झिंगे’.

परवा त्यांचाच फोन आला. ‘‘तुझ्या एका कामगारानं कात टाकली. कवच काढलं नाही मी.’’

पुढच्या वीकेण्डला जालन्याला जायलाच हवं, नाही का?